दुसऱ्या ओळीनंतर

माझ्या डाव्या हाताची तर्जनी माझी नाही, असा निकाल आमच्या कचेरीतल्या हजेरीच्या यंत्राने एका सोमवारी सकाळी दिला आणि पुढचे अकरा दिवस तो बदलला नाही. मी बोट ठेवायचो, आतून एक अत्यंत सुसंस्कृत बाई म्हणायची, "कृपया पुन्हा प्रयत्न करा," आणि मी प्रयत्न करायचो. बोट पुसून, बोटावर फुंकर घालून, बोट पँटला घासून, शेवटी बोटाची मनधरणी करून. मागे रांग वाढत जायची. बाईचा आवाज मात्र एकदाही चढला नाही. लग्नाला तेवीस वर्षं झालेल्या माणसाच्या अशा गोष्टी चटकन लक्षात येतात.

मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत कारकून आहे. कोणी जगात आलं की नाही आणि आलेलं गेलं की नाही, हे माझ्या सहीशिवाय पक्कं होत नाही. अशा माणसाला आपण स्वतः त्या इमारतीत आहोत एवढंही सिद्ध करता येऊ नये, हे मला फार लागलं. हेडक्लार्क माझ्यासमोर उभे राहून, माझ्याच टेबलावरचा चहा पीत मला म्हणाले की तुम्ही दिसता आहात हे खरं, पण नोंद नाही. हेच वाक्य गेली एकोणीस वर्षं मी खिडकीपलीकडच्या लोकांना ऐकवत आलोय, त्यामुळे वाद घालायला तोंडच उरलं नव्हतं.

दोष गिटारचा होता. माझा मेहुणा परदेशी जाताना ती आमच्या कपाटावर ठेवून गेला होता आणि फक्त सांभाळा, असं सांगून गेला होता. चार महिन्यांपूर्वी मी ती खाली काढली. तेव्हापासून रोज तास-दोन तास तारा दाबून डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले, मग घट्ट्यांची सालं निघाली आणि त्या सालांबरोबर माझी सरकारदरबारी असलेली ओळखही निघून गेली. यंत्र बसवलं त्या दिवशी माझ्या उजव्या हाताला शिक्क्याची शाई लागली होती, म्हणून डावं बोट नोंदवलं गेलं. माणसाच्या आयुष्यात शाई कुठे आडवी येईल याचा नेम नसतो.

उजव्या हाताची वेगळीच कथा. माझ्या गुरूंच्या आज्ञेवरून त्या हाताच्या तीन बोटांची नखं मी वाढवली होती, कारण फिंगरस्टाइल नावाच्या प्रकारात गिटार प्लास्टिकच्या पिकने न छेडता उघड्या बोटांनी वाजवतात आणि नखं हीच त्यातली हत्यारं. डावा हात बोडका, उजवा वाढलेला. पैकी मधल्या बोटाचं नख फायलीची दोरी सोडताना तडकलं. बायकोने त्यावर स्वतःचं पारदर्शक नेलपॉलिश लावून दिलं, एकाला लावलं तर वेडंवाकडं दिसेल म्हणून तिन्ही नखांना लावलं. दुसऱ्या दिवशी खिडकीवर एक आजोबा भावाच्या मृत्यूचा दाखला मागायला आले. मी दाखला पुढे केला, तर ते दाखल्याऐवजी माझ्या चकाकत्या नखांकडेच बघत राहिले. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा नखांकडे. जाताना "जपा स्वतःला," असं म्हणून गेले. त्यांच्या दुःखाच्या दिवशी त्यांना माझी काळजी करावी लागली याचं मला अजून वाईट वाटतं.

गुरू म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. दाढेसाठी म्हणून मी त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसलो होतो, तर आतल्या खोलीत दोन माणसं वाजवताहेत असं ऐकू आलं. एक जण खाली संथ चालतोय आणि दुसरा वर गुणगुणतोय. दार उघडलं तर आत एकटे डॉक्टर, मांडीवर गिटार. माझी दाढ दुखायची थांबली. पुढच्या रविवारपासून मी शिकायला जायला लागलो. दवाखान्यात स्टूल एकच, त्यावर डॉक्टर बसायचे, त्यामुळे मला पेशंटच्या खुर्चीत बसावं लागे आणि ती खुर्ची आपोआप हळूहळू मागे कलायची. परिणाम असा झाला की मी ही कला अर्धवट आडवा होऊन शिकलो. आजही सरळ बसलो तर मला एक सूर धड लागत नाही. घरी पाठीशी चार उशा लावाव्या लागतात.

डॉक्टरांची शिकवायची पद्धत दातांचीच होती. थोडं दुखेल, मग बधिर होईल, मग काही कळणार नाही. सगळी गोम अंगठ्यात आहे, असं ते म्हणायचे. अंगठ्याने जाड तारांवर घर चालवायचं, एक-दोन, एक-दोन, न थांबता. वरच्या बारीक तारांवर बोटांनी गाणं म्हणायचं. आणि अंगठ्याला गाणं ऐकू येता कामा नये. माझ्या अंगठ्याला सगळं ऐकू यायचं. बोटं जरा रंगात आली की अंगठा काम टाकून ऐकत बसायचा. सुरुवातीला मी नावाड्याचं एक जुनं गाणं बसवायला घेतलं, अंगठा म्हणजे वल्हं अशी कल्पना करून. डॉक्टरांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि नावेत पाणी शिरतंय एवढंच म्हणाले. मग झोपाळ्याचं एक गाणं घेतलं, त्यातला झोपाळा पुढे गेला की परत यायलाच तयार नसे. पण तिसऱ्या महिन्यात एका रविवारी अंगठा आपला आपण चालायला लागला आणि मी त्या कललेल्या खुर्चीत छताकडे बघत पडून राहिलो. खिडकीतून ऊन आत येऊन दातांच्या साच्यांवर पडलं होतं, सगळे साचे हसत होते, आणि माझ्याच हातांतून दोन माणसं गप्पा मारत होती. इतकं सुख मला याआधी एकदाच झालं होतं, बढतीची यादी लागली तेव्हा. ती यादी पुढे रद्द झाली.

हा सगळा खटाटोप मी कशासाठी मांडला होता ते आता सांगायला हवं. तो बाबांसाठी होता.

आमचे बाबा म्हणजे पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर एकतीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस. त्यांची खरी झोप दुपारची. नोकरी संपली तरी ती झोप सुटली नाही, एक ते चार या वेळात आमच्या घरात कोणी चमचासुद्धा जोरात ठेवत नसे. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबांची दुपारची झोप गेली. तेव्हापासून ते एक वाजता खिडकीशी आपल्या खुर्चीत बसतात, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे उघडे, आणि चार वाजता उठतात. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या त्यांनी कुंडीत पुरल्या असाव्यात, कारण कुंडीतलं झाड पुढे महिनाभर मान टाकून होतं. आईबद्दल ते बोलत नाहीत. आम्ही बोलायला लागलो की उठून पाणी प्यायला जातात. माणसाला इतकी तहान लागत नाही.

लहानपणी आई मला दुपारीच एक गाणं म्हणून झोपवायची. हे गाणं तिला तिच्या आईकडून आलेलं, तिच्या आईला तिच्या आजीकडून, त्याच्या मागचं कोणाला ठाऊक नाही. बाबा काही महिन्यांत ऐंशी वर्षांचे होणार होते. त्यांच्या वाढदिवसाला तेच गाणं गिटारवर वाजवायचं, त्यांना आधी अजिबात कळू द्यायचं नाही, आणि जमलं तर त्यांना एक तासभर तरी झोप मिळवून द्यायची, असं मी ठरवलं होतं. बायकोला तेवढं सांगितलं होतं. त्या दिवसापासून उशा तिनेच लावून द्यायला सुरुवात केली.

अडचण एकच होती. मला गाण्याच्या दोनच ओळी येत होत्या.

निजली दारं, निजल्या खिडक्या, ऊन निजलं पायरीवर,
निजलं पाणी भांड्यामधलं, निजलं मांजर गादीवर.

एवढं झाल्यावर चाल वरच टांगलेली राहते, जिना चढता चढता माणूस मधल्या वळणावर उभा राहावा तशी. पुढे काहीतरी आहे हे उघड होतं. एक रकाना जरी रिकामा असेल तरी अर्ज परत करणारा मी माणूस, मला असं अर्धं गाणं चालेना. मी मावशीला फोन केला. आईच्या पाठची ही एकच बहीण आता उरलेली. मावशी म्हणाली, तिच्या आईने तिला हे गाणं रोज म्हटलंय, पण तिलाही दोनच ओळी येतात. पुढचं काही केल्या आठवत नाही. मग तू तुझ्या मुलांना काय म्हणायचीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, दोनच म्हणायचे, तेवढ्यात झोपायची कार्टी. मावशीच्या तिघा मुलांनाही विचारून झालं. तिघांना प्रत्येकी दोन ओळी. इतकी एकवाक्यता आमच्या नातेवाइकांत मी कुठल्याही विषयावर बघितलेली नाही.

मग शेजारच्यांनी हे प्रकरण हातात घेतलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्यांना सगळी इमारत मोठ्या बाई म्हणते. त्या खाली आल्या, दोन ओळी लिहून घेतल्या आणि म्हणाल्या की तिसरी ओळ उघडच आहे. दुसऱ्या दिवशी त्या ती घेऊन आल्या. "निजा मुलांनो, उठा पहाटे, अभ्यास करा वेळेवर." मी म्हणालो, बाई, हे मूळ गाण्यात नसावं. त्या म्हणाल्या, असायला हवं होतं.

इमारतीचे सेक्रेटरी परवानगीचा फॉर्म घेऊन आले. आमच्याकडे स्वतःच्या घरात वाद्य वाजवायला लेखी परवानगी लागते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि त्यांनाही नसावं, कारण फॉर्मवरची शाई ओली होती. वाद्याचा प्रकार, तोंडाने, हाताने की विजेवर. वादनाचा उद्देश. श्रोत्यांची अंदाजे संख्या. मी संख्येपुढे एक लिहिलं. एका श्रोत्यासाठी एवढं वादन कशाला, अशी त्यांनी शंका काढली आणि आवाज कितपत होतो ते प्रत्यक्ष तपासायला रविवारी दुपारी वही-पेन घेऊन आमच्या सोफ्यावर येऊन बसले. मी उशांना टेकलो आणि सुरुवात केली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर सेक्रेटरींच्या हातातलं पेन वहीवरून घसरत गेलं आणि पानावर एक लांब रेघ ओढून खाली पडलं. ते चाळीस मिनिटं झोपले. उठल्यावर त्यांनी आपण डोळे मिटून लक्षपूर्वक ऐकत होतो असं सांगितलं आणि परवानगी दिली. जाताना, पुढच्या रविवारी पुन्हा एकदा तपासावं लागेल, असंही म्हणाले.

पुढच्या रविवारी ते उशी घेऊन आले.

आता मला खरं सांगा, कलावंताला याहून मोठा अपमान कुठला असेल? मोठ्या बाई स्वतःची ओळ चालीत बसते का ते बघायला आल्या आणि ती ओळ यायच्या आत मान मागे टाकून झोपल्या. गॅस सिलेंडर घेऊन आलेला माणूस दारात पावती करत उभा होता, तो दारालाच टेकून पेंगायला लागला. डॉक्टरांनी मला एकदा त्यांच्या दवाखान्यात बाहेर बसून वाजवायला सांगितलं, भेदरलेल्या पेशंटना बरं वाटावं म्हणून. अर्ध्या तासाने आतून नंबर पुकारले गेले तर बाहेर उठायला कोणी नाही. सात पेशंट रांगेने झोपलेले, एकाचा गाल दुसऱ्याच्या खांद्यावर. मी खजील होऊन डॉक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, "मला यासाठी इंजेक्शन द्यावं लागतं." हे त्यांनी कौतुकानेच म्हटलं, पण मला ते झोंबलं. त्यातून माझी स्वतःचीही अवस्था फार चांगली नव्हती. वाजवता वाजवता माझेही डोळे जड व्हायचे, खोली कडेकडेने विरघळायला लागायची, पडदा हलतोय की मी हलतोय ते कळायचं नाही, आणि एकदा जागा झालो तेव्हा गालावर सहा तारांचे सहा वळ उठलेले होते.

हे सगळे झोपायचे आणि पलीकडच्या खोलीत बाबा जागे असायचे. मधली भिंत पातळ होती, पण बाबांना कमी ऐकू येतं आणि आम्ही आणून दिलेलं कानातलं यंत्र ते ड्रॉवरमध्ये ठेवतात, म्हणून मी निर्धास्त होतो. अधूनमधून दारातून डोकावून बघायचो. ताठ पाठ, गुडघ्यांवर हात, नजर खिडकीबाहेर. मला मनातून फार भीती वाटायची. सगळं जग ज्या गाण्याने झोपतंय त्या गाण्याने हा एक माणूस झोपला नाही, तर मग काय करायचं? आणि त्याहून वाईट म्हणजे, ते ऐकून ते उठून पाणी प्यायला गेले तर?

इकडे कचेरीत बोटाचं गाडं पुढे सरकत होतं. तर्जनी अर्जदाराचीच असल्याबाबत डॉक्टरी प्रमाणपत्र आणा, असं ठरलं. दातांच्या डॉक्टरांनी एका पायावर प्रमाणपत्र दिलं, ते हेडक्लार्कनी त्यांचा अधिकार हिरड्यांपर्यंतच चालतो म्हणून परत केलं. मग उजव्या हाताची करंगळी नव्याने नोंदवावी, असा अर्ज केला. त्यात कारणाचा रकाना होता. मी 'गिटार' लिहिलं, अर्ज परत. 'छंद' लिहिलं, परत. शेवटी वैतागून 'त्वचेचा विकार' लिहिलं आणि अर्ज दहा मिनिटांत मंजूर झाला. यंत्रातल्या बाईने माझ्या करंगळीला धन्यवादसुद्धा दिले. मात्र त्या दिवसापासून शेजारच्या टेबलावरच्या माणसाने आपली खुर्ची हातभर लांब सरकवली आणि माझं पेन कोणी उसनं मागेनासं झालं.

वाढदिवस आठ दिवसांवर आला तरी तिसरी ओळ सापडली नव्हती. मोठ्या बाईंची होती, सेक्रेटरींनी आणून दिलेली एक होती, तिच्यात पाण्याची टाकी आणि फाटकावर झोपणारा रखवालदार होता आणि ती ओळीपेक्षा तक्रार जास्त वाटत होती. मावशीने विचार करकरून आणखी एक पाठवली, ती पहिलीच निघाली. शेवटी मी शब्दांचा नाद सोडला. शब्द गिटारला कुठे म्हणायचे असतात. टांगून राहिलेली चाल सरळ पायरी पायरीने खाली उतरवली, नीट जमिनीवर टेकवली, आणि डॉक्टरांना वाजवून दाखवली. डॉक्टर म्हणाले, व्यवस्थित आहे, कवळीसारखी. मला कळलं त्यांना काय म्हणायचं होतं ते. पण दिवस उरले नव्हते.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी केक कापून झाला, जेवणं झाली. बाबा आपल्या खुर्चीत जाऊन बसले. समोर मावशी, मोठ्या बाई, सेक्रेटरी, आणि अंगठा कसा चालतो ते बघायला मुद्दाम आलेले डॉक्टर. बायको आत भांडी आवरत होती. मी चार उशांना टेकलो. काहीच न सांगता पहिली ओळ सुरू केली.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं नाही. बाकीच्यांचं मात्र नेहमीप्रमाणे झालं. पहिल्या ओळीला सेक्रेटरी गेले, त्यांच्या पाठोपाठ मोठ्या बाई. दुसऱ्या ओळीत पाणी निजलं तेव्हा मावशीची हनुवटी छातीला टेकली, आणि मांजर निजता निजता प्रत्यक्ष माझे गुरू खुर्चीत कलंडले. ऊन फरशीवर लांब पसरलं होतं. अंगठा आपल्या चालीने चालला होता. मी माझी तिसरी ओळ पायरी पायरीने खाली उतरवली.

"चुकलं," बाबा म्हणाले.

माझा अंगठा थांबला.

"ती ओळ खाली येत नाही. अजून एक पायरी वर जाते." आणि ऐंशी वर्षांच्या, फुटक्या, कधीही गाताना न ऐकलेल्या आवाजात त्यांनी म्हणून दाखवली, खिडकीबाहेर बघत, हातसुद्धा गुडघ्यांवरून न उचलता.

दमले भागले पाय निजू दे, निजल्या चपला उंबऱ्यावर.

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

"मला नाही तर कोणाला? दुपारी तुला मधे घेऊन आम्ही दोघं पडायचो. तू मांजराच्या ओळीलाच झोपायचास. तू झोपलास की पुढची ओळ माझी. तुझे पाय कुठे दमायचे?"

"मग मला सांगितलं का नाहीत, बाबा?"

"तू विचारलंस कधी?" ते म्हणाले. "ड्रॉवरमधलं यंत्र कानात घालून कधीपासून भिंतीतून दोनच ओळी ऐकतोय. रोज डोळा लागायला येतो आणि तू थांबतोस."

मावशीला विचारलं, तिच्या मुलांना विचारलं, मोठ्या बाईंची ओळसुद्धा ऐकून घेतली, आणि पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विचारायचं मला सुचलं नव्हतं. त्याला गुपचूप आनंद द्यायचा म्हणून त्याला इतके दिवस जागं ठेवलं. मला लाज वाटली, इतकी की मी तारांकडेच बघत बसलो. मग त्यांनी म्हटलेली ओळ बोटांनी शोधायला लागलो. एक पायरी वर. खरंच तिथेच होती. पण तिथेही चाल टेकत नव्हती, ती अजून वरच उभी होती.

"आणि चौथी?" मी विचारलं.

"असणार," बाबा म्हणाले. "तिसरीवर गाणं संपत नाही, हे मलाही कळतं. पण मी कधी ऐकली नाही रे. तिसरीला माझा डोळा लागायचा." आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदा, ते आपण होऊन आईबद्दल बोलले. "आम्ही दोघं झोपल्यावर ती एकटीच पुढचं म्हणत असेल. तिला झोप लागायची की नाही, हे मी कधी विचारलंच नाही."

ते पाणी प्यायला उठले नाहीत. वाजव, असं त्यांनी हातानेच सांगितलं.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. दारं निजली, खिडक्या निजल्या. पाणी, मांजर. मग मी एक पायरी वर गेलो, आणि चपला उंबऱ्यावर निजेपर्यंत बाबांचा उजवा हात गुडघ्यावरून घसरून मांडीवर पडला, पाठ खुर्चीला टेकली आणि तोंड किंचित उघडं राहिलं. ते घोरायला लागले. इतका सुरेख आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि तारा दिसेनाशा झाल्या, पण अंगठ्याला ते कळलं नाही, तो चालत राहिला.

पाच माणसं पाच खुर्च्यांत झोपली होती. तिसरी ओळ संपली आणि मला पुढे जायला वाट नव्हती. मी नुसता अंगठा चालू ठेवला, एक-दोन, एक-दोन, वर गाणं नाही. मग तोही हळूच थांबवला.

तेवढ्यात आतल्या दाराशी हालचाल झाली. बायको ओले हात पुसत तिथल्या स्टुलावर केव्हाची येऊन बसली होती. सकाळी पाचला उठून तिने सगळ्यांचं केलं होतं. तिने भिंतीला डोकं टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"थांबलात का?" ती हळू आवाजात म्हणाली. "मी अजून जागी आहे."

मी पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागलो. तिसरी ओळ संपल्यावर थांबलो नाही, तिच्याकडे बघत जसं सुचेल तसं पुढे जात राहिलो.